चार लिंबं आणि भुवनचा ट्रक

चामुंडीची शप्पथ, देवापुढच्या दिव्याची शप्पथ, माझ्या तोंडात उरलेल्या दातांची शप्पथ, आता सांगते त्यातला शब्द न शब्द खरा आहे. ज्याला पटत नसेल त्यानं म्हैसुरातल्या जयलक्ष्मीपुरमला जावं, कोपऱ्यावर गणपतीचं छोटं देऊळ आहे त्या गल्लीत, आणि कुणालाही विचारावं. गल्लीतली कुत्रीसुद्धा साक्ष देतील. पदरचं मी काही घालत नाही, घालायची गरजच नाही.

त्या गल्लीत राघवेंद्र राहतो. त्याच्या पणजोबाचे पणजोबा राजाच्या घोडदळात होते. राघवेंद्र विम्याच्या ऑफिसात आहे, आणि घोडा त्यानं दसऱ्याच्या मिरवणुकीत लांबून पाहिलेला. घरी आई भागीरथीबाई, बायको चंदना कॉलेजात शिकवणारी, आणि पाच वर्षांचा एकुलता भुवन.

भुवनच्या वाढदिवसाला त्याच्या मामानं, कार्तिकेयनं, बेंगळुरूहून रिमोटचा ट्रक पाठवला. भिंतीला धडकून गोल गोल फिरतात नि गाणं म्हणतात, त्या गाड्यांतला नव्हे हां. हा चांगला माजलेल्या बोक्याएवढा, वजनाला कलिंगड. चाकांना खरे रबरी टायर, खाली खऱ्या स्प्रिंगा. कार्तिकेयला स्वतःलाच असल्या गाड्या पळवायचा नाद. हौस त्याची, आणि नाव भाच्याचं.

पहिल्याच दिवशी राघवेंद्रानं गेटासमोर ट्रक ठेवला नि रिमोट पोराच्या हातात दिला. रिमोट पिस्तुलासारखा, बोटानं घोडा मागे ओढला की ट्रक पळतो. पोरानं जीव खाऊन ओढला. ट्रक असा सुटला की सावली जाग्यावरच राहिली नि मागून धावत गेली. समोरच्या कट्ट्यावर आपटला, उलटा फिरला आणि सरळ येऊन भुवनच्या नडगीवर. टाके पडले.

टाके सुकले, भीती सुकली नाही. भुवन त्यानंतर चाकाच्या कुठल्याच वस्तूजवळ जाईना. शाळेची व्हॅन आली की दाराआड. स्कूटर सुरू झाली की कानांवर हात. रिक्षात बसवलं तर असा ताठ व्हायचा की वाकवता येईना. चंदना रोज त्याला हाताला धरून चालत शाळेत सोडायची, तिथून धावत बस पकडायची, तरी कॉलेजात उशीर व्हायचाच. लोक म्हणायचे, जाईल हो, पोरांचं असंच असतं. महिना उलटला, दुसरा लागला. कुठे काय गेलं?

ट्रक चंदनानं माळ्यावर टाकला होता. राघवेंद्राच्या मनात मात्र वेगळंच. जी वस्तू पोराला भ्यायला लावते, तीच त्याच्या हातून गोगलगायीसारखी चालली तर भीती जाईल. चंदनाचं म्हणणं, नाहीतर दुप्पट होईल. दोघं आठवडाभर ह्यावर हळू आवाजात भांडले, पोराला ऐकू जाऊ नये म्हणून. शेवटी ती म्हणाली, "एकदाच. परत घाबरला तर ट्रक त्याच संध्याकाळी कार्तिकच्या घरी जाईल, आणि त्याला व्हॅनमध्ये बसवायला मग तुम्ही जायचं, मी नाही. जबाबदारी तुमची."

"माझी," राघवेंद्र म्हणाला. म्हणून तर बसला, पण त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

त्यानं कार्तिकेयला फोन लावला. कार्तिकेय आधी खूप हसला, मग बहिणीचं बोलणं कानावर पडल्यावर हसायचा थांबला. ट्रक हळू करायला तीन उपाय, त्यानं सांगितलं. कमी जोराची बॅटरी घाला. नाहीतर मोटरच्या टोकाला छोटं दातेरी चक्र असतं, ते काढून त्याहून कमी दात्यांचं बसवा, मग मोटर कितीही ओरडली तरी चाकं सावकाशच फिरणार. तेवढं चक्र ट्रकाच्या खोक्यात कोपऱ्यात पडलेलं आहे. आणि तिसरा उपाय सगळ्यांत सोपा, रिमोटच्या डोक्यावर बारीक बटण आहे, ते डावीकडे फिरवलं की घोडा पूर्ण ओढला तरी ट्रक थोडाच पळतो. पण भावजी, बटणावर विसंबू नका, तो म्हणाला. बटण बाहेर असतं, कुणाचाही हात लागतो. खरा बंदोबस्त आतल्या चक्राचा.

बॅटरी मागवली, ती सणाच्या गर्दीत कुठेतरी अडकली. राहिलं चक्र. त्याला लागते एक बारीक सहाकोनी किल्ली. ती घरात होती. पण कुठे होती? देवासमोर.

कारण दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. म्हैसुरात नवमीला घरातलं जे जे हत्यार ते ते देवापुढे मांडतात. भागीरथीबाईंच्या पाटावर पूर्वजांची गंजकी तलवार मधोमध, तिच्या भोवती विळी, कात्री, शिवणयंत्राची सुई, चंदनाचा लॅपटॉप, आणि राघवेंद्राची हत्यारांची सगळी पेटी, पाना-पक्कड-पेचकस मोजून रांगेत. एकदा मांडली की विजयादशमीला पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. त्यांनासुद्धा वर्षातून एक दिवस सुट्टी हवी, अल्वा, नाही का?

राघवेंद्र पाटाजवळ उकिडवा बसला आणि आईला म्हणाला, नुसती एक किल्ली, दहा मिनिटांत परत ठेवतो. भागीरथीबाई म्हणाल्या, मांडायच्या आधी का नाही सांगितलंस? मांडलेलं हत्यार उचललं की ते वर्षभर हातात फिरतं, तुझ्या आजोबांचा अंगठा असाच गेला. राघवेंद्र म्हणाला, अंगठा उसाच्या चरकात गेला होता. त्या म्हणाल्या, चरकात का गेला, ते विचार की.

शेजारी विचारून पाहिलं. गल्लीत ज्याच्या ज्याच्या घरी किल्ली होती तिथल्या किल्लीलाही कुंकू लागलेलं होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजला तर हार घालून शटर ओढलेलं.

आणि थांबायची सोय नव्हती, ती अशी. आयुधपूजेला गाड्यांचीही पूजा. धुवायच्या, भस्म-गंध लावायचं, हार घालायचा, चाकांखाली लिंबं ठेवायची आणि ती चिरडत गाडी देवळापर्यंत एक चक्कर मारून आणायची. भुवननं आदल्या दिवशी आजीला लिंबं निवडताना पाहिलं आणि सहज विचारलं, माझ्या ट्रकाला पण चार लिंबं मिळतील काय? दोन महिन्यांत पहिल्यांदा पोरानं ट्रकाचं नाव घेतलं. हे ऐकून राघवेंद्र माळ्यावर चढला तो पायऱ्या न मोजता. आता दशमीपर्यंत थांबलं तर तेव्हा पोर हो म्हणेल की नाही, कुणाला ठाऊक.

म्हणून त्यानं बटणावर भागवलं. डावीकडे, अगदी शेवटापर्यंत फिरवलं. रात्री दिवाणखान्यात स्वतः चालवून पाहिलं. घोडा पूर्ण ओढला तरी ट्रक समोरच्या दामोदररावांसारखा चालला, काठी टेकत टेकत. त्यानं पोराला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवली. भीती वाटली की बोट सोड. बोट सोडलं की थांबतो. भुवननं दाराआडूनच मान हलवली.

आता सकाळ. राघवेंद्र बाहेर स्कूटर धूत होता. आत भागीरथीबाईंनी ट्रक पाटावर घेतला. वाहन ते वाहन. ओल्या फडक्यानं पुसला, टायर पुसले, हार घातला. मग रिमोट घेतला. त्याला धूळ फार, तर तो त्यांनी चोळून चोळून पुसला, खाचाखोचा, डोकं, घोडा, सगळं. आणि त्या घरात गंध लावायची रीत अशी की हत्याराला जिथे माणसाचा हात लागतो नेमकं तिथे टिकली लावायची. विळीला मुठीवर, कात्रीला कड्यांवर. तशी रिमोटच्या घोड्यावर गंधाची चांगली जाड टिकली बसली, आणि डोक्यावरच्या बारीक बटणावर दुसरी. बटण फडक्याखाली केव्हाच उजवीकडे शेवटापर्यंत गेलेलं. घोड्यावरचं गंध फटीत उतरलं आणि वाळत बसलं. हे त्या वेळी कुणालाच कळलं नाही. मला कसं कळलं विचारू नका, ऐका.

गल्ली सगळी बाहेर आलेली. दारादारांत केळीचे खुंट, हार घातलेल्या गाड्या, कुठे कापूर, कुठे कोहळा फुटतोय. गल्ली देवळाकडे उतरत जाते आणि देवळासमोर जरा ऐसपैस जागा आहे. तिथे देवळालगतच अनुषाचं घर. अनुषानं आपली दहा महिन्यांची वर्षिणी गेटासमोर चटईवर बसवली होती आणि स्वतः गाडीच्या पलीकडच्या चाकाशी लिंबू ठेवत होती. चटईच्या पुढे, रस्त्यावर, शेपूट हलवत एक गाय, शिंगांना झेंडू बांधलेली.

भुवन गेटापाशी उभा राहिला, दोन्ही हातांत रिमोट, पुढ्यात ट्रक, चाकांखाली चार लिंबं. शेजारी आजी. चंदना मागे पायरीवर, मांडीत आरतीचं ताट, त्याच्या मानेकडे बघत. मान ताठ होते का, एवढंच ती बघत होती. राघवेंद्र उतारावर अर्ध्या वाटेत जाऊन उभा राहिला. तिथून त्याला पोराचा चेहरा दिसत होता. चेहरा पांढरा होता, पण पोर उभं होतं.

"हळूच जातो तो," राघवेंद्रानं सांगितलं. "तू ओढ."

भुवननं ओठ चावला आणि घोडा ओढला. पूर्ण ओढला, कारण काल अप्पानं पूर्ण ओढूनच दाखवलं होतं.

चारही लिंबं एकदम फुटली. रस राघवेंद्राच्या चष्म्यावर आला. चष्मा पुसायला हात वर जातो तोवर ट्रक त्याच्या पायांजवळून गेलेला होता, आणि त्याला पहिल्यांदा आवाजावरून कळलं. मोटर किंचाळत होती. काल ती गुणगुणत होती.

"सोड," तो ओरडला. "बोट सोड."

पोरानं सोडलं. सगळ्यांनी पाहिलं, बोट हवेत सरळ. पण घोडा मागे तसाच अडकून राहिला, गंधात रुतलेला. ट्रक पळतच होता.

"अप्पा, मी सोडलं," भुवन म्हणाला. ओरडला नाही.  शिकवलेली एकच गोष्ट, पोरानं केली, आणि ती खोटी निघाली.

घाबरून भुवनचा दुसरा हात रिमोटच्या बाजूच्या चाकावर आवळला गेला, ते वळवायचं चाक. ट्रक देवळासमोरच्या मोकळ्या जागेत पोचला आणि वळला. वळतच राहिला. मोठा गोल. गायीच्या पोटाखालून, चार पायांमधून गेला, देवळाच्या पायरीला घासून आला, परत गायीखालून. गाय हलली नाही, फक्त तिनं खाली वाकून बघितलं. लोक मागे सरले. कुणीतरी चप्पल फेकून मारली, ती टायरखाली जाऊन उडाली आणि कौलावर पडली.

आणि अनुषाच्या गाडीखालचं एक लिंबू घरंगळलं.

वर्षिणीनं ते पाहिलं. चटईवरून उतरली, आणि गुडघ्यांवर, त्या वयाच्या पोरींना घाई असते तशा घाईनं, लिंबामागे निघाली. लिंबू जिथे थांबलं तिथून वीतभर पलीकडून ट्रक दर फेरीला जात होता.

अनुषा गाडीच्या पलीकडे होती. तिनं पाहिलं आणि पळाली, पण गाडीला वळसा होता. चंदनाच्या मांडीतलं ताट खाली पडलं, तीही पळाली, ती तर फारच वर होती. राघवेंद्र मध्ये. पोरीकडे जायचं तर ट्रकाचा गोल ओलांडून जायचं, आणि ट्रक त्याच्या पायाला लागून उडाला तर कुठे उडेल? पोरीच्याच बाजूला. वरून गल्लीतले सगळे मिळून भुवनला सांगत होते, टाक रे, टाक तो रिमोट खाली, बिडु, सोड, टाक.

भुवन टाकणारच होता. हात सैल पडताना राघवेंद्राला दिसले.

तेवढ्यात त्याच्या डोक्यात आलं. रिमोट पडला तर वळवायचं चाक आपोआप सरळ होणार. चाक सरळ, तर ट्रक सरळ. ह्या घडीला सरळ म्हणजे चटईच्या दिशेनं.

त्यानं ट्रकाकडे पाठ केली. आयुष्यात एवढं अवघड त्यानं काही केलं नसेल. मागे ती किंकाळी गोल फिरतेय, आणि आपण तिच्याकडे बघायचं नाही. तो गुडघ्यावर बसला, म्हणजे पोराच्या डोळ्यांच्या उंचीला आला, आणि रोज झोपवताना बोलतो त्या आवाजात बोलला. गल्ली एवढी ओरडत होती, पण तो आवाज खालून गेला.

"भुवन. माझ्याकडे बघ. ट्रककडे नाही. टाकायचा नाही. चाक धरलंयस तसंच धर."

भुवननं त्याच्याकडे पाहिलं.

"दुसरं बोट घोड्याच्या आतल्या बाजूला घाल. आता पुढे ढकल. न्हाणीघराचं दार ढकलतोस तसं."

"गच्च आहे, अप्पा."

"गच्चच असतं ते दार. ढकल."

पोराचा खालचा ओठ आत गेला. खांदे वर आले. वाळलेलं गंध कटकन तुटलं आणि घोडा पुढे, ब्रेकच्या बाजूला गेला.

मागे किंकाळी तुटली. ट्रकाचं नाक जमिनीला टेकलं, ट्रक उलटला, दोनदा लोळण घेतली, आणि टपावर घसरत घसरत आला. राघवेंद्रानं मान वळवली तेव्हा चाकं वर होती आणि वर्षिणी लिंबापाशी पोचली होती. मध्ये एका माणसाला बसता येईल एवढी जागा. अनुषानं झडप घालून पोरीला उचललं. वर्षिणी रडली, कारण लिंबू खाली राहिलं.

 मग सगळेच बोलायला लागले.

राघवेंद्र उठून ट्रकाकडे गेला नाही, पोराकडे गेला. भुवन अजून घोडा पुढे ढकलूनच उभा होता, नखं पांढरी पडलेली. राघवेंद्रानं एकेक बोट सोडवलं. रिमोट हातात घेतल्यावर त्याला बटण दिसलं, उजवीकडे शेवटी, डोक्यावर गंधाची टिकली घेऊन बसलेलं. त्यानं ते आईसमोर धरलं.

"हे फिरवलंस तू?"

"फिरवलं कशाला? पुसलं," भागीरथीबाई म्हणाल्या. मग त्यांनी बटणाकडे पाहिलं, घोड्याच्या फटीतल्या गंधाकडे पाहिलं, आणि खाली अनुषाच्या कडेवरच्या पोरीकडे. त्यांनी पदराचं टोक घेतलं आणि घोड्यावरचं गंध पुसायला लागल्या. ते निघून गेलं तरी पुसतच राहिल्या. मग म्हणाल्या, "जा, आत्ताच्या आत्ता किल्ली उचल. देवीला मी बघून घेते."

"उद्या," राघवेंद्र म्हणाला. "बॅटरी काढतो. आज हा कुठे जात नाही."

चंदना खालून वर आली होती, धापा टाकत. राघवेंद्रानं तिच्याकडे पाहिलं नाही. म्हणाला, दिला शब्द तो शब्द. संध्याकाळी पार्सल करतो. मी बटणावर विसंबायला नको होतं.

"नको होतंच," ती म्हणाली. तिला आणखीही पुष्कळ म्हणायचं होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. पण आधी ती भुवनपुढे बसली आणि त्याची मान चाचपली, ताठ आहे का बघायला. पायाला हात लावला. विचारलं, भीती वाटली?

"हूं," भुवन म्हणाला. थोडा विचार केला. "खूप वाटली. मग मी थांबवला."

"अप्पानं सांगितलं म्हणून?"

"अप्पा तिकडे होता. रिमोट माझ्याकडे होता." मग, अजून कुणाच्या लक्षात आलं नसेल तर, म्हणून पुन्हा म्हणाला, "मीच थांबवला."

 स्कूटरची चक्कर अजून व्हायची होती. फाटकात हार घालून, चाकांखाली लिंबं घेऊन स्कूटर उभी होती. चंदना उठली, चावी लावली, आणि एकटीच चक्कर मारून यावी म्हणून सुरू केली. पोरानं कानांवर हात ठेवले. मग एक हात काढला.

"अम्मा, तुझा ब्रेक कुठे आहे?"

तिनं दाखवला. त्यानं तो बोटांनी दाबून पाहिला, एकदा, पुन्हा एकदा, मोटार मेकॅनिक बघतात तसा मान तिरकी करून. मग पुढच्या जागेत चढून उभा राहिला आणि दोन्ही हात ब्रेकवर ठेवले. चंदनानं राघवेंद्राकडे पाहिलं. राघवेंद्र फाटकातून बाजूला सरला.

"हळू हं अम्मा," भुवन म्हणाला. "मी सांगेन तेव्हा थांबायचं."

देवळापर्यंतच्या त्या उतारावर त्यानं तिला अकरा वेळा थांबवलं की बारा, गल्लीत अजून वाद आहे. पण एकदाही उतरला नाही. विजयादशमीला पूजा उतरली, राघवेंद्रानं पहिली उचलली ती बारीक किल्ली, आणि ट्रक पार्सल झाला नाही. चक्र चंदनानं स्वतः बसवलं. नवऱ्यावर आता तिचा विश्वास नव्हता.

हे सगळं असंच झालं. आता शप्पथ घेतलीच आहे, आणि दातही थोडेच उरलेत, म्हणून सांगून टाकते. गाय तिथे नव्हती. ती त्या सकाळी पलीकडच्या गल्लीत कुणाचं तरी केळीचं खुंट खात होती. पण एवढा गोल फिरणारा ट्रक, आणि मध्ये नुसता रस्ता? बरं दिसेना, म्हणून मीच तिला आणून उभी केली.